अर्ध्या इंचाचे बारा आटे

आमच्या बदलापूरच्या घराची पायरी माझे सासरे कधी चढले नव्हते. लग्नाला आले नव्हते, नवीन घरात राहायला आलो तेव्हा बोलावलं तर फोन उचलला नव्हता, माझे वडील गेले तेव्हाही त्यांच्याकडून कुणी फिरकलं नाही. बायको अधूनमधून अंबरनाथला जाऊन त्यांना भेटून यायची. परत आली की गप्प असायची आणि मी काही विचारायचो नाही. त्यामुळे एका शनिवारी सकाळी बेल वाजली, दार उघडलं आणि समोर ते उभे दिसले, तेव्हा नक्की कुणीतरी वारलं असणार असंच मला वाटलं.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात स्वतःची पाण्याची बाटली.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवाल्यांपैकी आहात असं ऐकलंय."

"कुणापैकी?"

"तेच. जे लोकांना फुकट वाटतात आणि नंतर जबाबदारी घ्यायची वेळ आली की हात वर करतात."

सासरे अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, तपासणी विभागात. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजल्या आणि पास किंवा नापास केल्या. मला त्यांनी पहिल्या भेटीतच नापास केलं होतं. मी पालेगावचा. आमची भातशेती होती. आता त्या जागेवर बिल्डरचे टॉवर आहेत आणि माझं इंजिनिअरिंग त्याच पैशातून झालं. "जमीन विकून इंजिनिअर झालेला मुलगा," असं त्यांनी माझ्या बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं. जातीचा विषय त्यांनी तोंडाने कधी काढला नाही. "त्यांच्याकडचं वातावरण वेगळं," एवढंच म्हणाले. "जावईबापू" हा शब्दही ते असा उच्चारायचे की चारचौघांत ऐकणाऱ्याला मान वाटावा आणि मला मात्र बरोबर लागावा. मी त्यांना काय म्हणायचं ते कधी ठरलंच नव्हतं, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नसे.

आतून बायको आली. वडिलांना बघून दारातच थांबली.

"बाबा?"

"कामासाठी आलोय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

काम काय ते त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. निवृत्त झाल्यावर ते व्हिडिओ बघून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकले होते. त्यासाठीचं फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं होतं आणि उल्हासनगरच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना ते जुन्या मशीनच्या पार्ट्सची ड्रॉइंग काढून द्यायचे. त्या सॉफ्टवेअरला एक जोड होती. बोल्टचा साइज निवडला की त्याचे आटे ती आपोआप काढायची. एका वर्कशॉपवाल्याला जुन्या ब्रिटिश मापाचे अर्ध्या इंचाचे बोल्ट हवे होते. सासऱ्यांनी साइज निवडला, ड्रॉइंग आलं, त्यांनी ते पाठवलं. वर्कशॉपमध्ये सगळा लॉट कापून झाला आणि एकही बोल्ट मशीनच्या नटात बसेना.

"इंचाला बारा आटे पाहिजेत," ते म्हणाले. "तुमच्या लोकांनी तेरा दिलेत. तो माणूस कामगारांसमोर मला काय म्हणाला माहितीये? 'साहब, अब आराम करो. कंप्यूटर बच्चों का काम है.' मला!"

ते सॉफ्टवेअर माझं नव्हतं. मी ज्या प्रोजेक्टवर काम करतो तो वेगळाच आहे. पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी लॅपटॉप उघडला. असल्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड कुणालाही वाचायला खुला असतो, त्यामुळे बोल्टच्या मापांचा तक्ता सापडायला वेळ लागला नाही. अर्ध्या इंचाच्या ओळीत तेरा लिहिलेलं होतं. तेरा हा अमेरिकन मापाचा आकडा. बाकीचे बहुतेक आकडे दोन्हीकडे सारखेच असतात, म्हणून कुणीतरी अमेरिकन तक्ता उचलून ब्रिटिश मापाच्या जागी चिकटवला होता आणि ही एक ओळ कुणाच्या लक्षात आली नव्हती. सासऱ्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मला ते आवडलं नाही.

"मी आत्ता दुरुस्त करून पाठवतो," मी म्हटलं. "छोटंसं काम आहे."

"नाही. माझ्या नावाने गेलं पाहिजे. आणि चूक त्यांची होती असं त्यांनी लेखी दिलं पाहिजे."

"असं लेखी कुणी देत नाही."

"तेच म्हणतोय मी. जबाबदारी नाही!"

नवख्या माणसाला त्याची पहिली दुरुस्ती पाठवायला शिकवणं, हे काम मी आवडीने करत आलोय. ऑफिसातले, ओळखीतले बरेच जण माझ्या शेजारी बसून शिकलेत. पहिल्या वेळी सगळे घाबरलेले असतात. आपण जगाचं काहीतरी मोडून ठेवू असं त्यांना वाटतं. त्यांना धीर द्यावा लागतो, एकेक पायरी हळू सांगावी लागते. सासऱ्यांना कसलीच भीती नव्हती. त्यांना सूड हवा होता.

"मी तुमच्याकडे शिकायला आलेलो नाही," खुर्चीत बसता बसता त्यांनी स्पष्ट केलं. "कार्यपद्धती समजून घ्यायला आलोय."

मी त्यांना खातं उघडून दिलं. मग समजावलं, की मूळ प्रतीला आपण हात लावायचा नाही. आपली एक नक्कल करायची, त्या नकलेत बदल करायचा, आणि मूळ प्रत सांभाळणाऱ्यांना सांगायचं की हा बदल तुमच्यात सामील करून घ्या. त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात.

त्यांनी चष्मा काढला. "रिक्वेस्ट?"

"हो."

"म्हणजे चूक त्यांची आणि विनंती मी करायची?"

"शब्द तसा आहे. अर्थ एवढाच की…"

"शब्दाचा अर्थ मला कळतो. कारखान्यात आम्ही दोष दाखवला की समोरचा धावत यायचा. आम्ही विनंती नाही करायचो."

"इथे कुणी कुणाचा नोकर नाही. फावल्या वेळात लोक काम करतात."

"म्हणूनच तेरा आटे पडतात."

हे असं तास-दीड तास चाललं. ते एका बोटाने टाइप करायचे आणि मी काही दाखवायला हात पुढे केला की लॅपटॉप स्वतःकडे ओढायचे. बायकोने दोन वेळा चहाचं विचारलं. दोन्ही वेळा "नको" म्हणाले आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले. ती बाटली टेबलावर माझ्या अगदी समोर ठेवलेली होती. आमच्या घरात पाणी नाही असं नव्हतं.

जाताना मी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. एक, फक्त तेवढी एकच ओळ बदला, बाकी कशालाही हात लावू नका. दोन, पाठवायच्या आधी मला दाखवा.

त्यांनी दोन्ही पाळल्या नाहीत.

आठवडाभर ते त्या फाईलवर बसले. अर्ध्या इंचाची ओळ तर त्यांनी सुधारलीच, पण सगळ्या तक्त्याची मांडणीच त्यांना पसंत पडली नाही. आकड्यांचे रकाने त्यांनी कारखान्यातल्या पद्धतीने मागेपुढे केले. शीर्षकं बदलली. जिथे जिथे त्यांना भाषा ढिसाळ वाटली तिथे स्वतःच्या सूचना लिहिल्या. आता सॉफ्टवेअर तो तक्ता वाचतं तेव्हा कितव्या रकान्यात काय आहे हे त्याला ठरवून दिलेलं असतं. रकाने हलले की सगळंच कोसळतं. आणि असा तो कोसळलेला तक्ता त्यांनी स्वतःच पाठवून दिला. सोबत एक लांबलचक इंग्रजी टिपण, "अत्यंत गंभीर बाब निदर्शनास आणण्यात येत आहे" अशा थाटाचं. शेवटी खुलासा मागवला होता, तोही मुदत देऊन.

तो तक्ता सांभाळणारी एक बाई होती. कुठल्या देशातली ते मला आजही माहीत नाही. तिने सभ्यपणे पण तोडून उत्तर दिलं. आभार मानले. एका वेळी एकच बदल पाठवा म्हणाली. बदलाने काही मोडलं का ते बघणाऱ्या, आपोआप होणाऱ्या चाचण्या नापास झाल्यात ते पाहा म्हणाली, आणि बारा हा आकडा कुठून घेतला त्याचा आधार द्या म्हणाली. तिच्या उत्तराखाली चाचण्यांच्या लाल फुल्या ओळीने उभ्या होत्या.

सासऱ्यांना त्या फुल्या दिसल्या, आणि आधार मागितलेला दिसला. त्यांनी लिहिलं, "तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी आटे तपासतो आहे." त्यापुढे आणखी दोन वाक्यं होती. नालायक माणसांच्या हाती कारभार दिला की काय होतं, या विषयावर. तिने उत्तर दिलं की अशा भाषेत इथे बोलता येणार नाही, आणि त्यांची रिक्वेस्ट बंद करून टाकली.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की बेल वाजली आणि सासरे पुन्हा दारात उभे होते. ह्या वेळी बाटली नव्हती. घाईत निघाले असावेत.

"त्या बाईला तुम्ही काय सांगितलंत?"

"कुठल्या बाईला?"

"नाटक करू नका. मी पाठवलेलं परत आलं. तुम्ही आधीच सांगून ठेवलं असणार, की म्हाताऱ्याला दाद देऊ नका."

त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला. मी वाचलं. वाचताना माझं डोकं तापत गेलं, कारण मी बजावलेलं एकही त्यांनी पाळलं नव्हतं.

"मी सांगितलं होतं एकच ओळ बदला म्हणून."

"ढिसाळ होतं ते सगळं."

"ते तुमच्या कारखान्याचं नाही! लोकांनी मांडलेलं घर आहे ते. पाहुणा म्हणून जायचं आणि कपाटं हलवायची?"

"जावईबापू, आवाज खाली. तुमची माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, हे मला नवीन नाही. पालेगावात तेच आणि इथेही तेच."

बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. ती ओल्या हातांनी आत आली.

"बाबा, पालेगाव मध्ये आणू नका."

"तू मध्ये पडू नकोस. तांत्रिक विषय आहे."

"तांत्रिक?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मी गप्प झालो. "माझं लग्न झालं तेव्हा अंबरनाथहून इथे यायला तुम्हाला रिक्षा मिळाली नाही. ह्याचे वडील गेले तेव्हा मी फोन केला, तुम्ही 'बघतो' म्हणालात. माझं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्ही खाली वॉचमनकडे डबा दिलात आणि तिथूनच परत गेलात. मी वरून बघत होते. खिडकीतून दिसत होतात तुम्ही. मला वाटलं लिफ्ट बंद असेल. मी स्वतःलाच समजावलं, की लिफ्ट बंद असेल."

सासऱ्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"आणि आता एका बोल्टसाठी दोन वेळा वर आलात."

"बोल्टचं वेगळं आहे," ते म्हणाले.

"हो. कळलं मला ते."

त्यांनी लॅपटॉप बंद केला. बॅगेची चेन अडकली होती, ती त्यांना ओढता येईना. मी पुढे झालो नाही. तीही झाली नाही. शेवटी उघडीच बॅग काखेत धरून ते गेले. लिफ्ट आली का जिन्याने गेले, ते आम्ही पाहिलं नाही. बायकोने उरलेले कपडे वाळत घातले. एकेक कपडा असा झटकत होती की आवाज हॉलपर्यंत येत होता.

मला वाटलं, संपलं. पण काही दिवसांनी मला त्यांचा मेसेज आला, ऑफिसातल्या इंग्रजीत. पुन्हा सादर करण्याची कार्यपद्धती कळवावी. नमस्कार नाही, सही नाही. मी तो बायकोला दाखवला. तिने वाचून फोन परत दिला.

"शिकव त्यांना. पण ह्या घरात नको. आणि मला त्यातलं काही सांगू नकोस."

मी नाही म्हणू शकलो असतो. मनातून तसं म्हणूनही झालं होतं. पण तेरा अजून तिथेच होता. त्या तक्त्यावर विसंबून आणखी कुठेतरी कुणीतरी चुकीचे आटे पाडत असणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून ते काम बरोबर करून घ्यायचं होतं. माझ्या सांगण्याप्रमाणे, एकेक पायरी. हा माझा हट्ट होता आणि त्यात प्रेमबिम काही नव्हतं.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात भेटलो. ते आधीच कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. त्यांनी स्वतःपुरता चहा मागवला. हॉटेलच्या कपातून, जो कप त्या सकाळी कुणीकुणी तोंडाला लावला असेल. मी माझा वेगळा मागवला.

"पहिली गोष्ट," मी म्हटलं, "जुनी फाईल टाकून द्यायची. नवीन नक्कल घ्यायची."

"आठवड्याचं काम आहे माझं त्यात."

"टाकून द्यायचं."

त्यांनी ती फाईल एकदा वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिली. मग त्यांनी ती फाईल टाकली. नवीन नक्कल घेतली, तक्ता उघडला, खाली खाली जात अर्ध्या इंचाच्या ओळीवर आले, तेरातला तीन पुसला आणि तिथे दोन केला. त्यांचा हात बाजूच्या रकान्याकडे वळला. मी नुसतं बघितलं. हात मागे गेला.

मग चाचण्या कशा चालवायच्या ते दाखवलं. आपण बदल पाठवण्याआधी आपल्याच मशीनवर त्या चालवून बघता येतात, म्हणजे लोकांपुढे लाल फुल्या दिसत नाहीत. हे त्यांना पटलं. पटलं असं म्हणाले नाहीत, पण मी सांगितल्यावर प्रतिप्रश्न केला नाही, असं पहिल्यांदाच घडलं. आकड्याला आधार म्हणून मानकाचा क्रमांक द्यायचा होता. तो त्यांना पाठ होता. तरी मी म्हटलं, "एकदा बघून घ्या." त्यांनी डोळे वटारले, पण बघून घेतला.

गाडी अडली ती पुढे.

"मागच्या वेळी जे लिहिलंत त्याबद्दल एक ओळ लिहावी लागेल," मी म्हटलं. "नाहीतर ती बाई हे उघडूनही बघणार नाही."

"कसली ओळ?"

"खेद वाटतो म्हणून."

"मी खेद व्यक्त करणार नाही. आकडा माझाच बरोबर होता."

"आकड्याबद्दल नाही. भाषेबद्दल."

"भाषा वस्तुस्थितीला धरून होती."

वेटर कप उचलून गेला. बाहेर उभी असलेली माणसं टेबल रिकामं होतंय का बघत होती. मी ठरवलं होतं, की आता आपण बोलायचं नाही. ते लिहितील तर लिहितील, नाहीतर आपण उठायचं. शेवटी त्यांनी एका बोटाने, हळूहळू, एक वाक्य टाइप केलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "माझ्या आधीच्या शेऱ्यांकडे दुर्लक्ष करावे," असा त्या इंग्रजीचा अर्थ होत होता. माफी नव्हतीच ती. ते ऑफिसचं टिपण होतं. पण त्यांच्या हातून ते बाहेर पडलं होतं, एका अशा बाईसाठी जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि कधी पाहणारही नव्हते.

मला राग आला तो तेव्हा. इतका, की ठरवलेलं राहिलं बाजूला.

"हेच वाक्य एकदा बदलापूरला पाठवा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, विषय बोल्टचा आहे."

मग त्यांनी बटण दाबून बदल पाठवला, आपल्या चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि निघून गेले.

त्या बाईने काही दिवसांत उत्तर दिलं. बरोबर पकडलंत, असं लिहून तिने आभार मानले आणि बदल मूळ प्रतीत घेतला. चाचण्यांसमोर हिरव्या खुणा आल्या होत्या. जुन्या भांडणाचा तिने उल्लेखही केला नाही. मी सासऱ्यांना फोन करून कळवलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. तुमच्या नावाने नोंद आहे. कुणालाही दिसेल."

"चूक त्यांची होती असं कुठे लिहिलंय?"

"तसं नाही लिहीत. आकडा बदलला, एवढंच."

मग ते म्हणाले, "ठीक आहे. मग तुम्ही चला माझ्याबरोबर उल्हासनगरला. त्या माणसाला समजावून सांगा. ते तुमचं क्षेत्र आहे."

मी गेलो. का गेलो ते नक्की सांगता येत नाही. एवढं केल्यावर शेवट बघावासा वाटला असेल.

वर्कशॉप एका अरुंद गल्लीत होतं. एका बाजूला जीन्स शिवण्याचे कारखाने, दुसऱ्या बाजूला लेथ मशीनचे गाळे. मालक पन्नाशीचा सिंधी माणूस, पुढच्या टेबलावर बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. सासऱ्यांना बघून त्याने हाताने बसायची खूण केली. सासरे बसले नाहीत. फोन संपल्यावर त्यांनी लॅपटॉप त्याच्यासमोर उघडून ठेवला आणि मला पुढे केलं. मी हिंदीत सांगितलं, की सॉफ्टवेअरमध्येच आकडा चुकीचा होता, साहेबांनी तो शोधला, दुरुस्त करून पाठवला आणि तो मान्य झाला. आता जगात कुणीही हे सॉफ्टवेअर घेतलं तर त्यात बरोबर आकडा असेल. मी चांगलं सांगितलं. त्यांच्या बाजूने सांगितलं.

मालकाने शांतपणे ऐकलं. स्क्रीनवरचं नावही वाचलं. मग हात जोडले.

"बहुत अच्छा किया, साईं. सच में. पर एक बात बोलूँ? आपको तो पता था ना कि बारह होता है?"

सासरे म्हणाले, "हाँ, पता था."

"तो ड्रॉइंग भेजने से पहले आपने देखा क्यों नहीं?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मागे लेथवर काम करणारा कामगार मशीन बंद करून बघू लागला होता. सासऱ्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून मिटला. आयुष्यभर दुसऱ्याचं तपासलेल्या माणसाने स्वतःचं ड्रॉइंग न तपासता पाठवलं होतं. मालकाने उत्तरासाठी वाटही पाहिली नाही. त्याने पुन्हा फोन उचलला.

आम्ही गल्लीत आलो.

"तुम्ही त्याला उत्तर का दिलं नाहीत?" कोपऱ्यावर आल्यावर ते माझ्यावर उखडले. "मग कशाला आणलं होतं तुम्हाला?"

"काय उत्तर देणार? बरोबर बोलला तो."

ते थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, पालेगावबद्दल, माझ्या बापाबद्दल, आणि मी तयारही होतो. अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. पण त्यांनी येणाऱ्या रिक्षेला हात केला, आत बसले आणि गेले. मला कुठे सोडायचं, हेही विचारलं नाही. माझ्या अंगाला घासून कपड्यांच्या गठ्ठ्यांची एक हातगाडी गेली, मी भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि मनातल्या मनात त्यांना वाटेल ते बोललो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांचा मला एकही मेसेज आला नाही. पण त्या प्रोजेक्टमध्ये कुठले बदल येतात त्याची सूचना मला मिळते, तशी सोय मी करून ठेवली होती. पुढच्या महिन्यात एक बदल त्यांच्या नावाने आला. एका पाइपच्या आट्यांचा आकडा. एकच ओळ, सोबत आधार, चाचण्या हिरव्या. मग आणखी एक. मग एकात त्या बाईने शंका काढली आणि त्यांनी अगदी कोरड्या दोन वाक्यांत उत्तर दिलं. तिचं बरोबर आहे हे त्यांनी मान्य केलंय, असं त्यातून दिसत होतं. ते अख्खे तक्ते पहिल्यापासून तपासत चालले होते. कुणी सांगितलं नव्हतं. उल्हासनगरच्या त्या वर्कशॉपवाल्याने त्यांना पुन्हा काम दिलं नाही, हे मला दुसरीकडून कळलं. पण हे थांबलं नाही. मी ते बदल वाचायचो आणि बंद करायचो. एकदाही त्यांना "छान" म्हणून लिहिलं नाही. लिहावंसं वाटलं नाही.

परवाच्या रविवारी बायको पोळ्या करत होती. तिचा फोन वाजला, हात पिठाचे होते म्हणून तिने मला तो स्पीकरवर ठेवायला सांगितला. नाव बघून मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "लाव."

"घरी आहेस?" सासऱ्यांचा आवाज आला.

"आहे. का? ह्याच्याकडे काही काम आहे का?"

"नाही. काम नाही."

ती पोळी लाटत राहिली.

"मग?" तिने विचारलं.

"असंच. येऊन जावं म्हटलं."

तिने पोळी तव्यावर टाकली, कडा दाबल्या, उलटवली. मला वाटलं, आता ती "या" म्हणेल. ती एकेक शब्द सावकाश म्हणाली, "आज नको, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी तिथेच उभा होतो. ती माझ्याकडे न बघता दुसरा गोळा करायला लागली.

"काय बघतोस?"

"काही नाही."

"तू त्यांना काही कळवू नकोस मध्येच."

"मी कशाला कळवू?"

तिने आणखी दोन पोळ्या केल्या. मग गॅस बारीक करत विचारलं, "पुढच्या रविवारी आपण कुठे जाणार आहोत का?"

"नाही. घरीच आहोत."

तिने मान हलवली आणि पुढचा गोळा लाटायला घेतला.